स्टँपवरची फारकत आणि कोर्टातला घटस्फोट

आमच्या मावसबहिणीचा घटस्फोट झाला तेव्हा वकिलांकडं पळापळ करायचं काम माझ्याकडं होतं, तेव्हापासून गल्लीत कुणाचं बिनसलं की माणसं हळूच मलाच विचारायला येतात. मी काय वकील नव्हे बरं का. पण दहातल्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "स्टँपवर लिहून घेतलं की झालं न्हवं?"

नाही झालं. पंच बसले, दोन्हीकडचे पाहुणे बसले, स्टँपवर "आमचा एकमेकांशी संबंध नाही" असं लिहिलं, नोटरीचा शिक्का मारला, तरी कायद्यानं तुम्ही नवराबायकोच. काही समाजात काडीमोडाची रूढी आहे आणि हिंदू विवाह कायद्याचं कलम 29 ती मान्य करतं, पण ती जुनी आणि चालत आलेली आहे हे कोर्टात पुराव्यानं दाखवावं लागतं, नुसतं "आमच्यात चालतंय" म्हणून भागत नाही. आणि त्या कागदाच्या जिवावर कुणी दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली 7 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, शिवाय ते दुसरं लग्नच बेकायदेशीर. गावाकडं अशी किती लग्नं झाली असतील देव जाणे.

खरा रस्ता फॅमिली कोर्टाचा. दोघं राजी असतील तर म्युच्युअल, म्हणजे संमतीचा घटस्फोट, त्याच हिंदू विवाह कायद्याचं कलम 13ब. त्याला किमान 1 वर्ष वेगळं राहिलेलं पाहिजे, आणि वेगळं म्हणजे दुसऱ्या घरातच असं नाही, एका छपराखाली राहून नवराबायकोसारखं राहत नसाल तरी चालतं असं सुप्रीम कोर्टानं 1991 मध्येच सांगितलंय. अर्ज दोघांच्या सहीचा. मग 6 महिने थांबायचं आणि 18 महिन्यांच्या आत परत कोर्टापुढं उभं राहून "होय, आम्हाला पाहिजे" म्हणायचं. हे 6 महिने माफ होऊ शकतात, सुप्रीम कोर्टाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर, पण अर्जाआधीच दीड वर्ष वेगळं राहणं झालंय, समेटाचे प्रयत्न फसलेत, पोटगी आणि पोरांचं सगळं मिटलंय, हे न्यायाधीशांना पटलं तरच. वकील "दोन महिन्यात करून देतो" म्हणाला तर आधी हे विचारा.

आता खरी मेख. त्या मधल्या काळात दोघांपैकी कुणीही संमती मागं घेऊ शकतं, आणि घेतात की! म्हणून पैसे एकरकमी आधी देऊन मोकळं होऊ नका आणि घेणाऱ्यानंही नुसत्या शब्दावर सही करू नका. थोडे अर्जाच्या वेळी, उरलेले शेवटच्या तारखेला, असं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या कागदात, तारखेसकट लिहून घ्यायचं. आमच्यात भांडण पोटगीवर नाही झालं, झालं ते दागिन्यांवर, कुणाचं किती तोळे आणि साज कुणाकडं राहिला यावर अख्खी दिवाळी गेली. स्त्रीधन बाईचंच असतंय, पण यादी आणि फोटो नसले की बोंब. आणि हो, पोराची पोटगी आईनं सोडून दिली असं लिहिलं तरी पोराचा हक्क जात नाही.

एकजण नाही म्हणाला की मग कलम 13, म्हणजे क्रूरता, 2 वर्षं सोडून जाणं, व्यभिचार वगैरे कारण सिद्ध करायचं, साक्षी, उलटतपास, तारखांवर तारखा. वर्षं जातात त्यात. पोटगीसाठी दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर, त्यामुळं शेती दडवून "मी बेरोजगार" म्हणणाऱ्याची आता जरा अडचण होते. जरा!

फॅमिली कोर्टात आधी समुपदेशकाकडं पाठवतात, त्याला घाबरायचं काय नाही, तिथं जबरदस्तीनं नांदायला लावत नाहीत. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चानं वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा, आमच्या कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात जाऊन विचारलं की सांगतात. हे निम्म्या कोल्हापूरला माहीत नाही.

निकाल विरोधात गेला तर अपील हायकोर्टात, आणि ऑगस्ट 2025 पासून आपल्याकडं कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे खंडपीठ, सुरू झाल्यामुळं त्यासाठी मुंबईची रात्रीची गाडी धरायला लागत नाही. पण एकजण राजी नसताना लढवलेल्या केसमध्ये घटस्फोट मिळाला तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत लगेच दुसरं स्थळ बघून तारीख काढू नका. हुकूमनाम्याच्या सहीशिक्क्याच्या नकला मात्र एकदमच चारपाच काढा, पासपोर्ट, बँक, रेशनकार्ड, जिथं जाल तिथं एक मागतात आणि परत नक्कल विभागात अर्ज टाकून थांबायचा लई कंटाळा येतो.