तुम्ही विचारलंत म्हणून: यातला कुठला बास घेऊ?

मेसेज साधारण असा असतो. तीन फोटो, एक काळा बास (बास गिटार, जाड तारांची, खालच्या सुरांची), एक लाल, एक लाकडाच्या रंगाचा, आणि खाली एकच ओळ, "ताई, यातला कुठला घेऊ?" कधी कधी पुढे "अर्जंट" पण लिहिलेलं असतं कारण कुठेतरी सेल संपत असतो. मी बरीच वर्षं बास वाजवतेय (त्यातली पहिली चार वाईटच वाजवला) आणि मित्रमंडळींचे बास खोलून नीट करून द्यायचा नाद लागलाय, म्हणून सगळे माझ्याकडे येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी उलट विचारते की नेक (हातात धरायचा लांब दांडा) सरळ आहे का, ॲक्शन (तारांची उंची) किती आहे, तारा कधीच्या आहेत, तेव्हा पलीकडे शांतता. मग दहा मिनिटांनी, "पण लाल भारी दिसतोय ना?"

म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

आधी माझी फजिती सांगते. माझा पहिला बास मी विकला, का तर म्हणे तो खराब होता. जाड तार, म्हणजे ई ची, पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) नुसती खरखरायची, मी आणखी जोरात दाबायचे, मनगट दुखायचं, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की वाद्यच भंगार आहे, यापेक्षा बरं वाद्य असतं तर मी कुठल्या कुठे गेले असते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. शेवटी एका मित्राच्या गळ्यात मारला, त्याला तेव्हा काहीच वाजवता येत नव्हतं म्हणून मनात जरा पापही होतं. तीन महिन्यांनी त्याच्याकडे गेले, कोपऱ्यात तोच बास उभा होता, सहज हातात घेतला आणि हाताला विश्वासच बसेना. खरखर गायब, बोट नुसतं टेकवलं तरी सूर स्वच्छ. म्हटलं काय बदललंस रे? तो म्हणाला, काहीच नाही, एका जाणत्या माणसाला दाखवला, त्याने नेकच्या टोकाला ॲलन की (षटकोनी चावी) घातली आणि पाव फेरा सैल केला. पाव फेरा! त्यासाठी मी अख्खा बास विकला होता.

तर त्या पाव फेऱ्यामागचं गणित असं आहे की बासच्या चार तारा सुरात लावल्या की सगळ्या मिळून साधारण 75-80 किलोच्या जोराने नेकला पुढे ओढत असतात, एक मोठा माणूस लटकल्यासारखंच म्हणा ना. या ओढीला तोलून धरायला नेकच्या पोटात एक लोखंडी सळी असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. घट्ट केली की नेक मागे जातो, सैल केली की तारांच्या ओढीने थोडा पुढे वाकतो. आणि थोडा वाक लागतोच, कारण वाजलेली तार मधल्या भागात सगळ्यात जास्त हलते, तिला हलायला जागा नको का? माझा नेक उलटा, मागे गेलेला होता, त्यामुळे सुरुवातीच्या फ्रेटवर तार आपटत होती. हवा दमट झाली, कोरडी झाली, तारा जाड लावल्या, पातळ लावल्या, की हा तोल बिघडतो. त्यामुळे सेटअप, म्हणजे ही सगळी जुळवाजुळव, एकदा केला आणि सुटलो असं नसतं, वर्षातून दोनदा तरी बघावंच लागतं.

बघायचं कसं, तर तारा नेहमीच्या सुरात लावून घ्या (ढिल्या तारांवर मोजमाप करणारे पण पाहिलेत मी), ई ची तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबा, दुसऱ्या हाताने जिथे नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबा, म्हणजे तारेचीच सरळ पट्टी तयार होते, आणि आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. साधारण 0.3 मिमी असावी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फटच नसेल तर रॉड सैल करायचा, फट जास्त असेल तर घट्ट. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही, मग परत सुरात लावायचं, परत बघायचं, आणि फिरतच नसेल तर जबरदस्ती अजिबात नाही, तिथे थांबायचं आणि कारागिराकडे जायचं. ॲलन की नेमक्या मापाचीच हवी, जवळपासच्या मापाची घातली की आतलं तोंड गोल होतं आणि मग ते काढणं ही वेगळीच डोकेदुखी.

नेक झाला की मग तारांची उंची, म्हणजे ॲक्शन. ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात तिथे, प्रत्येक तारेखाली एक सॅडल असतो, त्याचे छोटे स्क्रू फिरवून तार वर-खाली करायची. बाराव्या फ्रेटवर ई ला अडीच मिमी आणि जी ला, म्हणजे सगळ्यात बारीक तारेला, दोनच्या आसपास ही चांगली सुरुवात आहे, पुढे हात जसा जड-हलका तसं. खूप जण ट्रस रॉडनेच ॲक्शन कमी करायला जातात, कृपा करून नको. आणि थोडी खरखर नुसत्या कानाला आली पण अँपमधून येत नसेल तर सोडून द्या, तिच्यामागे लागलात तर रात्र जाईल.

सगळ्यात शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेले सूर नेमके लागतात का ते. ते शेवटीच, कारण तारेची उंची बदलली की दाबताना ती किती ताणली जाते तेही बदलतं. बाराव्या फ्रेटवर बोट हलकं टेकवून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा, दोन्ही ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा लागला तर सॅडल मागे घ्यायचा, म्हणजे तार लांब होते, उतरलेला लागला तर पुढे. तार जुनी असेल तर कितीही सरकवा, नीट लागणार नाही, त्यामुळे आधी तारा बदला. अमेरिकेत गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने 1951 साली बाजारात आणलेल्या बासचं नाव प्रिसिजन ठेवलं त्यामागचं कारण हेच, आधीच्या उभ्या डबल बासला फ्रेट नसत, सूर अंदाजाने आणि कानाने शोधावा लागे, इथे फ्रेटमुळे तो नेमका मिळायला लागला. आता त्याच नावाचा बास सॅडल चुकीचा ठेवून बेसूर वाजवायचा म्हणजे काय म्हणावं.

बरं, आता त्या तीन फोटोंकडे. बहुतेक वेळा त्यातला एक प्रिसिजनच्या घराण्यातला असतो आणि एक जॅझ बासच्या, जो 1960 चा. प्रिसिजनला मधोमध दोन तुकड्यांत वाटलेला एकच पिकअप, म्हणजे तारेची थरथर पकडणारा भाग (हा तुकड्यांचा प्रकार 1957 पासून), आवाज जाड, सरळ, बटणं दोन, चुकायला जागा नाही. जॅझला दोन पिकअप, आवाजात जास्त खेळता येतं, आणि नेक नटपाशी (खुंट्यांच्या बाजूची तारांच्या खाचांची पट्टी) बारीक, साधारण 38 मिमी, त्यामुळे बऱ्याच जणांच्या हातात तो पटकन बसतो. जॅझमध्ये एक पिकअप कमी केला की बारीक घरघर येते, दोन्ही पूर्ण उघडले की जाते. तो बिघाड नाही, दोन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याचे) पिकअप एकमेकांची घरघर खातात म्हणून तसं होतं, मला यावरून घाबरून फोन आलेले आहेत. मला विचाराल तर पहिला बास प्रिसिजन जातीचा घ्या, पण हे माझं मत आहे, भांडायला येऊ नका.

"माझे हात लहान आहेत, जमेल का?" हे मुली तर विचारतातच, हल्ली मुलगेही विचारतात. माझे पण लहानच आहेत. नेहमीच्या बासची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, 34 इंच, शॉर्ट स्केलची 30, त्यामुळे नट ते पहिला फ्रेट हे अंतर एकावर 48 मिमी आणि दुसऱ्यावर 43. पाच मिमी ऐकायला काहीच नाही, पण पहिल्या चार फ्रेटमध्ये बोटं ताणून तासभर वाजवा मग कळेल. शॉर्ट स्केल म्हणजे लहान मुलांचं खेळणं असं कुणी म्हणालं तर बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा तो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर शॉर्ट स्केलच आहे एवढं सांगा आणि विषय संपवा. फक्त तारा त्याच्या मापाच्या घ्या, लांब तार कापून लावली तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तुटते.

हात लावून बघायला मिळत असेल तर उभं राहून, पट्टा लावून बघा. बसून सगळेच बास छान वाटतात. उभं राहून दोन्ही हात सोडले आणि नेक जमिनीकडे झुकला तर तो बास डावा हात आयुष्यभर पेलत बसणार, आणि तोच हात सुरांसाठी पण हवाय. वजन चार किलोच्या वर गेलं की तीन इंची रुंद पट्टा घ्या. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, कंटाळा आला तरी, एकेक करून वाजवा. ट्रस रॉडचं तोंड शाबूत आहे का ते बघा. रंगावरचे ओरखडे विसरा, पण नेक पिळवटलेला असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका.

ॲक्टिव्ह का पॅसिव्ह? ॲक्टिव्हमध्ये आत छोटा प्रीअँप (अँपच्या आधी आवाज वाढवणारं सर्किट) असतो, पॅसिव्हमध्ये नसतो, आणि तो बॅटरीवर चालतो, बहुतेक 9 व्होल्टची चौकोनी. केबल खोचली की तो सुरू होतो, म्हणजे वाजवून झाल्यावर केबल तशीच ठेवून झोपलात की रात्रभर बॅटरी जळतेय. मी हे एकदा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री केलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गाण्यात आवाज फाटायला लागला, मी अँपला शिव्या घालत होते, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तेव्हापासून बॅटरीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिते.

तारांचं प्रकरण मोठं आहे. राउंडवाउंड चमकदार वाजतात, बोटाला खरखरीत लागतात, फ्रेट जरा लवकर झिजवतात, फ्लॅटवाउंड गुळगुळीत आणि भरीव, जुन्या गाण्यांतला तो "ढुम्". नवशिक्यांना 45 ते 105 चा सेट पुरतो (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). किती दिवसांनी बदलायच्या याला ठराविक उत्तर नाही, अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन फ्लॅटवाउंड तुटेपर्यंत बदलतच नसे म्हणतात आणि त्याचं वाजवणं आजही लोक गिरवतात, उलट स्लॅप (अंगठ्याने तार आपटून) वाजवणाऱ्याला महिन्याभरात तार मेलेली वाटते. तारा पाण्यात उकळून परत चमक आणायची युक्ती खरी आहे, पण ती चमक चार दिवसांची, त्यापेक्षा वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, घाम आणि मळ हेच तारा मारतात. बदलताना तार कापायच्या आधी त्या जागी काटकोनात वाकवा, नाहीतर वरचं वेटोळं उसवतं आणि तार मुकी होते. आणि खुंटीपासून पुढे दहा-बारा सेंटीमीटर जास्तीची सोडा, दोन-तीन वेढे बसले पाहिजेत. मी नवा कोरा सेट उघडून ए ची तार नेमकी खुंटीपाशी कापलेली आहे, त्यामुळे हे छाती ठोकून सांगू शकते.

बाकी देखभाल थोडीच. बटण फिरवताना करकर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. केबल खोचायच्या जॅकचा बाहेरचा नट ढिला झाला तर नुसता बाहेरून गरागरा फिरवू नका, आत अख्खा जॅक फिरतो आणि वायर तुटते, आतून धरून मग घट्ट करा. बास उन्हात, बंद गाडीत ठेवू नका.

अँपबद्दल एकच महत्त्वाचं, बासला वॉट जास्त लागतात. मोकळ्या ई चा सूर 41 हर्ट्झचा, आणि माणसाचा कान एवढ्या खाली फार मंद असतो, त्याला तेवढाच मोठा वाटायला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. घरी सरावाला 20-30 वॉट आणि हेडफोनची सोय पुरे, ड्रमवाल्यासोबत उभं राहायचं तर 200-300 धरा. गिटारच्या अँपमध्ये हळू आवाजात चालेल, जोरात लावलात तर स्पीकर जाईल. अँप कोपऱ्यात ठेवलात की सगळं घुमतं, आधी तो भिंतीपासून सरकवा, मग बटणं फिरवा. आणि घरी एकट्याने वाजवताना मिड (मधल्या उंचीचे सूर) कमी, बास-ट्रेबल वर असं लावलं की स्वर्ग वाटतो, तेच बँडमध्ये लावलं की तुम्ही गायब, कारण गर्दीत ऐकू येणारा आवाज मिडमध्येच असतो. बासचा बास कमी करा म्हटलं की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात.

तर यातला कुठला? तिघांचेही नेक सरळ असतील, ट्रस रॉड फिरत असेल, तर लाल घ्या, त्यात काय. फक्त सगळे पैसे बासवरच उडवू नका, सेटअपला आणि एका बऱ्या केबलला बाजूला ठेवा.

माझा पहिला पण लालच होता. अजून त्या मित्राकडे आहे, आता तो माझ्यापेक्षा बरा वाजवतो. दरवर्षी एकदा विचारते, परत विकतोस का? नाही म्हणतो. सेटअप मात्र माझ्याकडूनच करून घेतो.