पेन ड्राइव्हवरचं डेबियन: दिवा शांत होईपर्यंत

रात्रीचे साडेदहा. लॅपटॉपवर एकही विंडो उघडी नाही, तरी पेन ड्राइव्हचा निळा दिवा दर काही सेकंदांनी लुकलुकतोय. बोट लावून पाहिलं तर ड्राइव्ह चांगलाच कोमट. कोणी काही करत नसताना हा लिहितोय तरी काय? गेले तीन आठवडे मी याच प्रश्नामागे आहे.

लॅपटॉप बाबांचा, ४ जीबी रॅमचा. हार्ड डिस्क गेली तेव्हा तपकीर गल्लीतून ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला. घरी आल्याआल्या एफ३ने, म्हणजे ड्राइव्हची खरी क्षमता मोजणाऱ्या प्रोग्रॅमने, तपासला. जागा खरी निघाली. ही तपासणी कधीच टाळू नका, खोट्या क्षमतेचे ड्राइव्ह बाहेरून ओळखू येत नाहीत. मग डेबियन १२ ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला. नुसतं चालवून बघायचं लाइव्ह नाही, पूर्ण इन्स्टॉल.

सुरू व्हायचं ठीक. पण बाबा लिहायला बसले की मधेच सगळं थिजायचं. दहा-बारा सेकंद काही नाही, मग टाइप केलेली अख्खी ओळ एकदम उमटायची. "अरे, हे बघ, परत अडकलं," अशी हाक दिवसातून चारदा.

पाकिटावरचा वेग असतो सलग वाचनाचा. ऑपरेटिंग सिस्टिमचं काम मात्र फुटकळ, म्हणजे इथेतिथे थोडंथोडं, लेखनाचं, आणि फ्लॅशला, म्हणजे पेन ड्राइव्हमधल्या मेमरीला, तेच जड जातं. लिहिलेल्या जागेवर थेट परत लिहिता येत नाही. लिहिणं पानापानाने, काही केबींचं. पुसणं मात्र अख्ख्या ब्लॉकचं, बऱ्याचदा काही एमबींचं. ४ केबी बदलायचे तरी कंट्रोलरला (ड्राइव्हमधला कारभार बघणाऱ्या चिपला) नवी जागा शोधावी लागते, वेळ पडली तर त्या ब्लॉकमधला बाकीचा डेटाही उचलून दुसरीकडे न्यावा लागतो. एसएसडीत हे सांभाळायला तगडा कंट्रोलर असतो, स्वस्त पेन ड्राइव्हमध्ये बेताचा. एसडी कार्डावर निदान ए१ची खूण बघून घेता येते: सेकंदाला किमान १५०० फुटकळ वाचनं आणि ५०० लेखनं.

ड्राइव्हवर कोणते प्रोग्रॅम लिहितात ते शोधायला आयओटॉप तासभर चालू ठेवलं; कोणी एकूण किती लिहिलं याची बेरीज ते दाखवतं. सगळ्यात वर फायरफॉक्स. उघड्या टॅबची नोंद ते दर १५ सेकंदांनी लिहायला बघतं. ती ५ मिनिटांवर नेली आणि डिस्कवरचा कॅश बंद केला. जर्नलडीचे लॉग, म्हणजे सिस्टिमच्या घडामोडींच्या नोंदी, रॅममध्ये वळवले. रीस्टार्टला ते जातात, घरच्या मशीनला चालतं. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा, पेन ड्राइव्हवरून काढून झेडरॅमवर, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेल्या जागेत, आणला. थिजणं सगळ्यात जास्त कमी झालं ते यानेच, म्हणून कोणी एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. फाइल वाचल्याची वेळ लिहूच नये म्हणून नोएटाइमही लावलं, पण फार फरक नाही: २००९पासून कर्नल (लिनक्सचा गाभा) मुळातच रिलएटाइम वापरतं, त्यात ती वेळ क्वचितच लिहिली जाते.

ड्राइव्हवरच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचं जर्नल, म्हणजे बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, काढून टाका, असा सल्ला बरेच जण देतात. मी काढलं नाही. या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे. गेल्या गुरुवारी दुपारी लाइट गेली तेव्हा बाबांचं लेखन चालू होतं. लाइट आल्यावर जर्नल परत वाचून फाइल सिस्टिम क्षणात उभी राहिली, त्यांनी सेव्ह केलेलं सगळं जागेवर होतं. कमिटचा, म्हणजे साठलेले बदल ड्राइव्हवर उतरवण्याचा, काळ तेवढा ५वरून ३० सेकंदांवर नेलाय. लोक ६०० ठेवतात. लाइटचा भरवसा नसलेल्या घरात मी ते करणार नाही.

काल रात्री परत दिवा बघत बसलो. मशीन रिकामं असताना मिनिट-मिनिट दिवा हालत नाही. बाबा लिहीत होते. त्यांनी कंट्रोल-एस दाबलं की एकदा लुकलुकायचा, परत शांत. ड्राइव्ह हाताला गार. हाक चार दिवसांत एकदाही आलेली नाही.

आता तसाच दुसरा ड्राइव्ह आणून ठेवलाय. त्यावर एफ२एफएस टाकणार आहे; सॅमसंगने फ्लॅशसाठीच बनवलेली ही फाइल सिस्टिम २०१३च्या ३.८ कर्नलपासून लिनक्समध्ये आहे. तीच सेटिंग, तेच काम, आणि लाइट जाणारा एखादा गुरुवारही त्याच्यावरून जाऊ देईन. मग दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून लिहितो.