तार मोकळीच होती

टेस्ट बेंचवरून फोन आला तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. "मॅडम, फ्रेम्स परत गळायला लागल्यात."

त्यातला 'परत' फार झोंबला. आदल्याच आठवड्यात मी हा प्रश्न सुटल्याचं मेलवर कळवून मोकळी झाले होते.

आमच्या बोर्डावर लिनक्स. गाडीतले भाग ज्या तारांवर एकमेकांशी बोलतात त्या कॅन बसवरचे संदेश, म्हणजेच फ्रेम्स, एमसीपी२५१५ ही जुनी, स्वस्त चिप घेते, आणि ती प्रोसेसरला एसपीआय बसने, म्हणजे चिप-चिपमधल्या चार तारांच्या साध्या जोडणीने, जोडलेली. आलेल्या फ्रेम्स ठेवायला तिच्यात जागा दोनच. दोन्ही भरलेल्या असताना तिसरी आली की ती गेली. ५०० किलोबिटच्या कॅनवर आठ बाइटची साधी फ्रेम, भरीचे (नियमाने मधेमधे घालावे लागणारे) बिट सोडले तरी, १११ बिटांची होते, म्हणजे साधारण २२२ मायक्रोसेकंद. बस गच्च असली की तेवढ्या-तेवढ्या वेळाने एकेक फ्रेम दारात उभी.

माझा आदल्या आठवड्याचा पराक्रम असा, की डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कसं जोडलंय ते लिनक्सला सांगणाऱ्या फाइलमध्ये) एसपीआयचं घड्याळ ५ मेगाहर्ट्झ होतं ते मी १० केलं. त्या चिपची मर्यादाच १०. बस वेगात पळाली की फ्रेम्स लवकर उचलल्या जातील, एवढा सरळ विचार. त्या दिवशी बेंचवर वर्दळ कमी होती, म्हणून तो खपूनही गेला.

डबा तसाच ठेवून आधी हिशेब मांडला, जो खरं तर आधीच मांडायला हवा होता. एक फ्रेम उचलायला ड्रायव्हर, म्हणजे चिप हाताळणारा लिनक्समधला कोड, किमान तीन एसपीआय व्यवहार करतो: कोणता बफर भरलाय ते विचारायला ४ बाइट, फ्रेम वाचायला १४ बाइट, आणि अजून काही आलंय का ते बघायला पुन्हा ४. एकूण २२ बाइट. ५ मेगाहर्ट्झला ३५ मायक्रोसेकंद, १० ला साडेसतरा. हातात २२२ असताना ३५ सुद्धा भरपूर होते की! मग मी वाचवलं काय?

आमचा हार्डवेअरवाला लॉजिक ॲनालायझर, म्हणजे तारांवरचे सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेऊन आला. "अगं, तारेवर संशय घेण्याआधी तिच्याकडे बघ तरी." पडद्यावर चिप-सिलेक्टची (व्यवहार चालू असेपर्यंत खाली राहणारी) रेघ खाली गेली. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मग घड्याळाच्या ठोक्यांचा एक बारीकसा पुंजका, की पुन्हा शुकशुकाट, आणि मग कुठे ती रेघ वर आली. १४ बाइटच्या व्यवहाराला जवळजवळ १३० मायक्रोसेकंद लागत होते, आणि त्यातले ११ तेवढे तारेवरचे. चार बाइटवाल्यांचे प्रत्येकी सत्तरच्या आसपास. बेरीज २७०. गर्दीत फ्रेम्स गळणारच.

कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत काय चाललंय ते एफट्रेस या त्याच्याच नोंदी ठेवणाऱ्या साधनाने दाखवलं. एसपीआयचे ट्रेसपॉइंट (नोंदीच्या जागा) चालू केले आणि प्रोसेसरच्या विक्रेत्याकडून आलेला एसपीआय कंट्रोलरचा ड्रायव्हर उघडला. त्यात नियम असा, की कंट्रोलरच्या आठ बाइटच्या फिफोत (आलेल्या क्रमाने बाइट ठेवणाऱ्या रांगेत) मावत नसेल ते सगळं डीएमएने, म्हणजे सीपीयूला बाजूला ठेवून हार्डवेअरनेच परस्पर हलवायचं. म्हणजे १४ बाइटसाठी बफर मॅप करा, जाण्या-येण्याचे दोन्ही चॅनेल लावा, थ्रेड झोपवा, काम झाल्याच्या इंटरप्टची (हार्डवेअरने सीपीयूला मारलेल्या हाकेची) वाट बघा, थ्रेड उठवा, शेड्युलरने पाळी दिली की पुढे चला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मोठमोठ्या वाचनांसाठी हा नियम रास्तच आहे, पण आमचा सगळा संसार किरकोळीचा.

यावरचा उपाय मुख्य लिनक्समध्ये आयता दिसत होता. रास्पबेरी पायचा एसपीआय ड्रायव्हर ९६ बाइटच्या खाली डीएमएच्या वाटेला जात नाही, आणि व्यवहार ३० मायक्रोसेकंदांत आटपणार असेल तर झोपतही नाही, उभ्या-उभ्या फिफो रिकामा करतो. तेच आमच्याकडे आणलं. जेमतेम चाळीस ओळींचा पॅच.

संध्याकाळी लावला आणि फ्रेम्स गळायच्या थांबल्या. चहा झाला. मग मी बेंचवर इथरनेटचा भार टाकला, आणि फ्रेम्स गळत नव्हत्या तरी त्यांचे शेवटचे बाइट बिघडलेले यायला लागले! गळण्यापेक्षा हे वाईट. गळलेली फ्रेम निदान एरर काउंटरमध्ये दिसते.

दोन तास कोड वाचून चूक सापडली, आणि ती शंभर टक्के माझी. पाठवायच्या फिफोत जागा दिसली की मी बाइट ढकलत होते. एसपीआयमध्ये एक बाइट गेला की एक येतोच. मधेच नेटवर्कचा इंटरप्ट आला की माझं वाचन थांबायचं, पण आधी ढकललेले बाइट हार्डवेअर पाठवतच राहायचं आणि येणाऱ्यांचा आठ बाइटचा फिफो ओसंडायचा. पाठवलेले वजा वाचलेले आठाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, एवढी एक अट घातली. आता इंटरप्ट आला तर काम थोडं लांबतं, पण बाइट हरवत नाही.

तिन्ही व्यवहार मिळून ४५ मायक्रोसेकंदांच्या आसपास आले. भार तसाच ठेवून बेंच रात्रभर चालू दिला, सकाळी काउंटर शून्यावर. डबा मात्र फेकावा लागला.

रिव्ह्यूमध्ये रिअल-टाइमवाल्या टीमने हरकत घेतलीच. सीपीयूला उगाच घिरट्या घालायला लावता, आमच्या कामाचं काय? हरकत खोटी नव्हती. त्याच कंट्रोलरवर फ्लॅशही आहे, आणि ४०९६ बाइटचं वाचन १० मेगाहर्ट्झला सव्वातीन मिलिसेकंद घेतं. तेवढा वेळ कोणी सीपीयू अडवून बसला तर मीही भांडले असते. मोठे व्यवहार डीएमएवरच आहेत हे दाखवलं, आणि ३० मायक्रोसेकंदांची मर्यादा मॉड्यूल पॅरामीटर, म्हणजे कोड न बदलता ठरवता येईल अशी, करून दिली, शून्य ठेवलं की पोलिंग (न झोपता उभ्याने वाट बघणं) बंद.

त्यांच्या बोर्डावर ती अजून शून्यच आहे.