कमी उजेडातला फोन: चादरीवर घेतलेली परीक्षा

या वेळच्या चाचण्यांत कॅमेऱ्यासोबत स्क्रीनलाही घेतलं, आणि माझं मत पक्कं झालंय: रात्री काढलेला फोटो कसा आलाय याचा निकाल त्याच फोनच्या स्क्रीनवर, उभ्या जागी लावू नये.

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून, दिवे लागल्यावर, मंदिर आणि पाण्यातलं प्रतिबिंब नाइट मोडवर घेतलं. फोन कठड्यावर टेकवलेला. जागेवर पाहिलं तर पाणी काळंभोर, नितळ. घरी लॅपटॉपवर उघडल्यावर त्याच पाण्यात हिरवट-जांभळे डाग पसरलेले. याला कारणं दोन. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि सरावलेल्या डोळ्यांना मंद स्क्रीनही झगझगीत वाटते. त्यामुळे कमी एक्स्पोजरचा (कमी उजेड घेतलेला) फोटो छान उजळलेला भासतो. दुसरं कारण ओएलईडीचं, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो त्या स्क्रीनचं. ब्राइटनेस अगदी खाली असला की काळ्याच्या जवळच्या छटा बऱ्याच पॅनेलवर सरळ काळ्यात बुडतात, आणि नॉइज (अंधारात फोटोत येणारे दाणे आणि रंगीत डाग) नेमका त्याच छटांत असतो. म्हणून आता मी रात्री बाहेर पडताना ऑटो ब्राइटनेस बंद करतो, पट्टी मध्यावर ठेवतो आणि डोळ्यांपेक्षा हिस्टोग्रामवर (फोटोत गडद-उजळ छटा किती, हे दाखवणाऱ्या आलेखावर) भरवसा ठेवतो.

स्क्रीनचं आणखी एक. बरेच ओएलईडी पॅनेल उजेड कमी करताना खरं तर वेगाने चालू-बंद होत असतात. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. काही पॅनेलवर हा वेग सेकंदाला २४० वेळा असतो, काही नव्या फोनांवर १९२० किंवा त्याहून जास्त. तपासणं सोपं आहे: दुसऱ्या फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/२००० (सेकंदाचा दोन हजारावा भाग) ठेवून स्क्रीनवर रोखा. माझ्या फोनवर ब्राइटनेस खाली नेला की जाड काळे पट्टे सरकताना दिसतात, वर नेला की पुसट होतात. रात्री अंथरुणात वाचताना कुणाचं डोकं दुखत असेल तर हे आधी बघा. अँड्रॉइड १२ पासून आलेलं एक्स्ट्रा डिम (स्क्रीन नेहमीपेक्षाही मंद करणारी सोय) लावून पट्टी थोडी वर ठेवली तर मला बरं पडतं. फोटो तपासताना मात्र ते बंदच हवं.

आता चादर. आपल्याकडे घरोघरी असलेली जॅकार्डची (मागावरच नक्षी विणलेली) चादर हा कमी उजेडातल्या चाचणीचा उत्तम तक्ता आहे, असं मी ठामपणे सांगेन. गडद रंग, नक्षीच्या कडक कडा, आणि जवळून पाहिलं तर एकेक दोरा सुटा दिसतो. खोलीत फक्त झिरोचा बल्ब ठेवून मी ती दोरीवर टांगली. साध्या मोडमधल्या एका शॉटमध्ये नॉइज रिडक्शनने दोरे पुसून टाकले. मोराच्या पिसाऱ्यावर नुसता गुळगुळीत रंग उरला. पूर्ण ५० मेगापिक्सेलवर दोरे जागोजाग दिसतात, पण दाणे फार. चार पिक्सेल एकत्र करून येणारा साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो अशा उजेडात जास्त स्वच्छ. नाइट मोड सगळ्यांत सरस, कारण तो अनेक फ्रेम एकावर एक बसवतो. नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: १६ फ्रेमची सरासरी घेतली की तो एक चतुर्थांशावर येतो. पण हा हिशेब स्थिर वस्तूसाठी. पंख्याच्या वाऱ्याने चादर हलली की दोरे परत फासटलेच.

टेलिफोटोबद्दल: ३एक्स दाबा आणि टेलिफोटोच्या भिंगावर बोट ठेवा. प्रीव्ह्यू झाकला गेला नाही, तर फोन मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून दाखवतोय. त्या बल्बखाली माझा फोन हेच करत होता. त्यात वाईट काही नाही, कारण मुख्य सेन्सर मोठा आणि त्याचं ॲपर्चरही (उजेड आत घेणारं तोंड) मोठं. फक्त मग ३एक्सकडून जास्त बारकाव्यांची अपेक्षा ठेवू नये.

हे सगळं खरं तर जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी चाललंय. सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, डोलत पुढे सरकतात, खाली पांढऱ्या बाराबंदीतले (बंद बांधायच्या पारंपरिक अंगरख्यातले) मानकरी, वरून दिव्यांचा मारा. नाइट मोड तिथे निरुपयोगी; माणसं धूसर होतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की त्या लुकलुकीचे पट्टे सहसा पडत नाहीत. त्यातही मी १/१०० घेणार, कारण १/५० ला डोलणारी काठी हलते. एक्स्पोजर बाराबंदीवर धरायचं, थोडं कमीच ठेवायचं, आणि रॉ (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) चालू. पांढरं एकदा जळालं की कापडाच्या चुण्या परत मिळत नाहीत. सावल्या मात्र रॉमधून बऱ्यापैकी वर काढता येतात.

त्याआधी शहराच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात ट्यूबलाइटखाली चालत्या मागावर हेच शटर वापरून बघायचंय. कुणाकडे एक इंची सेन्सरचा फोन असेल तर झिरोच्या बल्बखाली चादरीचा एक रॉ काढून पाठवा. माझ्या फ्रेमशेजारी ठेवून दोरे ताडून बघू.