तुम्ही विचारलंत म्हणून: इष्टुर फाकड्याबद्दल

"सर, तुम्ही मावळातले. मग इंग्रज कप्तानाच्या थडग्यापुढे हात का जोडता?"

पोरांना घेऊन वडगावला गेलो की हा प्रश्न हमखास येतो. पालक विचारतात, सोबतचे तरुण शिक्षक विचारतात, आणि अलीकडे जरा रागानंही विचारतात. विजयस्तंभ आपला, महादजी शिंदे आपले, मग हा कोण? दरवेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन मी बसमध्ये चढतो आणि मनाला रुखरुख लागून राहते. आज सविस्तर सांगतो.

त्याचं नाव कॅप्टन जेम्स स्टुअर्ट. 1778 साली मुंबईच्या इंग्रजांनी राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचं ठरवलं आणि फौज निघाली. सगळ्यांच्या पुढे धाडला तो स्टुअर्टला. ग्रेनेडियर शिपायांच्या सहा कंपन्या आणि थोड्या हलक्या तोफा घेऊन 25 नोव्हेंबरला त्यानं बोरघाट ताब्यात घेतला. मागची मुख्य फौज घाट चढून येईपर्यंत महिनाभर तो तिथं पाय रोवून होता, तेही मराठ्यांची घोडी चहूबाजूंनी फिरत असताना. ज्यानं ऐन हिवाळ्यात पहाटे खंडाळ्याच्या कड्यावरून खाली धुकं बघितलंय, त्याला हे काम काय होतं ते सांगावं लागणार नाही.

मागून आलेली फौज म्हणजे जत्राच. सुमारे 3,900 माणसं आणि त्यांचा बाडबिस्तरा ओढायला जवळजवळ 19,000 बैल. आज लोणावळ्याहून लोकलमध्ये बसलं तर मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव करत पाऊण तासाच्या आत तळेगाव येतं. ती फौज दिवसाला मैल दोन मैल सरकायची. वर कर्नल इगर्टन आजारी, कारभारी मंडळी आपसांत भांडणारी. शिंदे, नाना, हरिपंत फडके यांनी मोठी लढाई दिलीच नाही. रोज थोडं मागं सरायचं, रोज थोडं झोंबायचं. 31 डिसेंबरला लेफ्टनंट कर्नल के जबर जखमी झाला, त्यातून तो उठलाच नाही. आणि 4 जानेवारी 1779 ला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्यानं स्टुअर्ट पडला.

आमच्याकडे सांगतात की मराठ्यांचा तळ बघायला तो झाडावर चढला होता. माझी आजी हे असं सांगायची, जणू ती त्या झाडाखाली उभी होती. हात वर करून डोळ्यांवर पंजा धरायची, मान लांब करायची आणि म्हणायची, "असा बगत हुता. तोंडाम्होरं समदी आपली घोडी. आन् आला गोळा." मग पंजा खाली. पुढं बराच वेळ काही बोलायची नाही. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद मी कधी ऐकला नाही. गावातलं एखादं धडधाकट पोरगं विहिरीत पडलं की बायका जशा बोलतात, तसं ती बोलायची.

आता फाकडा या शब्दाकडे येतो, कारण सगळं उत्तर त्या शब्दात आहे. फाकडा म्हणजे नुसता शूर नव्हे. रुबाबदार, बेदरकार, रणात उठून दिसणारा गडी. पेशवाईत ही पदवी सरसकट मिळत नव्हती. साडेतीन शहाणे जसे, तसे अडीच फाकडे. मानाजी शिंदे आणि कोन्हेरराव एकबोटे हे दोन पूर्ण, आणि उरलेला अर्धा हा परका. अर्धा का, यावर लोक हसतात. मला त्यात हिशेबाचा चोखपणा दिसतो. आपला नाही म्हणून पूर्ण मान दिला नाही, पण शूर होता म्हणून नाकारलाही नाही.

आणि हा मान दिला कोणी? त्याच्यावर गोळा टाकणाऱ्यांनी. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली छापला गेला, त्यातही मराठे त्याला स्टुअर्ट फाकडा म्हणतात अशी नोंद आहे. म्हणजे लढाईला चाळीस-पन्नास वर्षं झाली तरी नाव टिकून होतं. ज्यांनी ही लढाई जिंकण्यासाठी स्वतःचं तळेगाव पेटवलं, गरज पडली तर चिंचवड आणि पुणंही जाळायची ज्यांची तयारी होती, त्यांनीच शत्रूच्या कप्तानाला फाकडा म्हटलं. घर जाळून लढलेल्या माणसाला हे बोलायचा अधिकार होता. अडीचशे वर्षांनी पंख्याखाली बसून तो शब्द मागं घेणारा मी कोण?

कंपनीचं राज्य मला प्यारं नाही. स्टुअर्ट ज्या कामावर आला होता ते काम वाईटच होतं, हे मी पोरांना आधी सांगतो. पुढचंही सांगतो. 9 जानेवारीला फौज तळेगावला पोचली, 11 च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून माघारी फिरली, वडगावात कोंडली गेली आणि तह करून सुटली. तहानंतर ओलीस ठेवलेल्यांतही एक लेफ्टनंट स्टुअर्ट होता. तो वेगळा, पोरं नेहमी घोटाळा करतात. इगर्टन, कॉकबर्न आणि कारनॅक या वरच्या तिघांना कंपनीनं नोकरीतून काढलं. मावळात त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत.

एक गोष्ट मात्र मला सलते. त्या फौजेत दोन हजारांवर देशी शिपाई होते. घाटावरचा तो महिना स्टुअर्टसोबत त्यांनीही काढला. त्यांना ना थडगं ना पदवी. म्हणून हात जोडतो तेव्हा मी एकट्या स्टुअर्टपुढे जोडत नाही. दोन्हीकडच्या, नाव न उरलेल्या सगळ्यांसाठी ती एकच जागा मला सापडली आहे.

मागच्या सहलीला सातवीतल्या एका मुलीनं वही उघडून विचारलं, "सर, त्याचं खरं नाव काय?" मी फोड करून सांगितलं, जेम्स, स्टुअर्ट. तिनं दोनदा पुटपुटून बघितलं. मग तिच्या आजीच्या तोंडी स्टेशनचं इष्टेशन होतं, स्टुलाचं इष्टूल होतं, तसंच तिनं वहीत लिहिलं, इष्टुर. मी ते लाल पेनानं दुरुस्त केलं नाही.