काळा सुतार आणि अंदमानचा सुतार: यंदाच्या सीझनचा हिशोब

सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या तिलारीतला चौथा हिवाळा संपला आणि पांढऱ्या पोटाच्या काळ्या सुतार पक्ष्याच्या यंदा पाच नोंदी झाल्या, गेल्या वर्षी दोनच होत्या. पक्षी वाढलेत असं नाही, आवाज आता कानात पक्का बसलाय एवढंच. आधी नुसता ड्रमिंगची, म्हणजे खोडावर चोचीने ठोकल्याच्या आवाजाची, वाट बघत बसायचो, आता एक खणखणीत 'क्याव' ऐकू आला की आधी वठलेली झाडं शोधतो. जानेवारीत अशाच एका वठलेल्या किंजळाच्या झाडाखाली बोटाएवढ्या ढलप्यांचा खच दिसला, हात लावला तर अजून ओलसर, एकीत अळीचं बीळ अर्धं उघडं पडलेलं. तिथेच बसून राहिलो आणि वीस मिनिटांत नर आला! कावळ्यापेक्षा मोठा, कपाळापासून तुऱ्यापर्यंत लालभडक, गालावरही लाल पट्टा. मादीला तो पट्टा नसतो, तुराही मागूनच लाल.

फेब्रुवारीत अंदमानला चिडिया टापूला जाऊन याचा भाऊबंद पाहिला. जीनस (जवळच्या प्रजातींचा गट) तोच, ड्रायोकोपस, पण हा अंगाने लहान, साधारण 38 सेंमी (आपला 48 च्या आसपास) आणि पोटावर पांढरं अजिबात नाही, सगळा काळाकुट्ट, त्यात तो फिकट पिवळा डोळा असा चमकतो की बघतच राहावं.

आता स्टेटस. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत आपला 'लीस्ट कन्सर्न' (फारशी चिंता नाही), अंदमानचा 'व्हल्नरेबल' (धोक्यात येऊ शकणारा). कारण सरळ आहे, आपला भारतापासून फिलिपिन्सपर्यंत पसरलाय आणि अंदमानच्याला अंदमान सोडून जगात कुठेच घर नाही, तिथलं जुनं जंगल गेलं की विषय संपला. पण आपल्यावाल्याचा टॅग बघून निवांत होऊ नका. जपानच्या त्सुशिमा बेटावर याचाच एक उपप्रकार होता, तो तिथून नामशेष झाला. जागतिक यादीत प्रजात सुरक्षित दिसते तेव्हाही एखाद्या ठिकाणचा पक्षी कायमचा जाऊ शकतो, आणि दोडामार्गात रबराची लागवड वाढताना बघतो तेव्हा मला हेच आठवत राहतं. ढोली कोरायला याला जाडजूड जुनं खोड लागतं, रबराच्या बागेत ते कुठून मिळणार?

म्हणून यंदा पक्ष्यांसोबत झाडांचीही नोंद सुरू केली. अकरा वठलेली झाडं जीपीएसवर टाकली, मार्चमध्ये परत गेलो तर दोन तोडलेली होती. किंजळाचं झाड मात्र अजून उभं आहे, आणि खाली ताज्या ढलप्या होत्या.