धूर, वाफ आणि तत्त्वज्ञानाचा पहिला पेपर

वयाच्या ४६व्या वर्षी तत्त्वज्ञान विषयात एम. ए. करण्यासाठी मी दूरस्थ शिक्षणाचा अर्ज भरला, तेव्हा माझ्यापाशी रसायनशास्त्राची पदवी, तुर्भे औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळेतील २२ वर्षांची नोकरी आणि या विषयाविषयीचा एक ठाम गैरसमज, एवढीच शिदोरी होती. तत्त्वज्ञान म्हणजे शहाण्या माणसांनी आयुष्याविषयी मांडलेली मते, आणि आपणही बरेच टक्केटोणपे खाल्लेले असल्यामुळे आपल्याजवळ सांगण्यासारखे काही आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. नौपाड्यातील आमच्या घरी या निर्णयाला विरोध झाला नाही. सासूबाई फक्त एवढेच म्हणाल्या, "शिक गं, पण आधी ज्ञानेश्वरी तरी पुरी कर. नववा अध्याय अर्ध्यावर सोडून उठलीस, ती उठलीसच."

अभ्यासाची पुस्तके परीक्षेच्या जेमतेम दोन महिने आधी हातात पडली आणि पहिल्या परीक्षेत नीतिशास्त्राच्या पेपरात मला शंभरापैकी ३१ गुण मिळाले. पुस्तके उशिरा आली हे खरे असले, तरी नापास होण्याचे कारण ते नव्हते. 'सुखवादाचे परीक्षण करा' या प्रश्नावर मी चार पाने भरून उत्तर लिहिले होते आणि त्यात सुखाच्या मागे धावणाऱ्या माणसाची कशी फसगत होते, याचे माझ्या मते फार हृद्य वर्णन होते. संपर्कवर्गाला आलेल्या प्राध्यापकांना मी त्या उत्तराचा आशय सांगितला, तेव्हा त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "हे तुमचं मत झालं, मॅडम. ते मी का स्वीकारावं, याचं कारण यात कुठेच नाही. आणि सुखवादी माणूस यावर काय उत्तर देईल, हेही नाही. आपल्याकडे आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, मांडायची पद्धत आहे. तुम्ही तर समोरच्याला बोलूच दिलं नाहीत." त्या दिवशी ठाण्याला परत येताना मला राग आला होता, हे कबूल केले पाहिजे.

राग ओसरल्यावर मी अभ्यासाची सुरुवात पुन्हा तळापासून केली. दुसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या मुलीकडून तिचे अकरावीचे तर्कशास्त्राचे पाठ्यपुस्तक मागून आणले आणि तिच्याच जुन्या वहीत सत्यता कोष्टके सोडवू लागले. विधान सत्य किंवा असत्य असते आणि युक्तिवाद वैध किंवा अवैध असतो, या दोन गोष्टींची गल्लत करायची नाही, ही त्या पुस्तकातील अगदी प्राथमिक गोष्ट समजायला मला आठवडा लागला. आधारविधाने असत्य असूनही युक्तिवाद वैध असू शकतो आणि सगळी विधाने सत्य असूनही तो अवैध असू शकतो, हे पदवीधर बाईला शिकायला लागावे याची गंमतही वाटली आणि थोडी लाजही. 'उपकरण बिघडले असेल तर आकडा चुकीचा येतो. आकडा चुकीचा आला आहे. म्हणून उपकरण बिघडले आहे' असा विचार करून मी आजवर कितीदा सर्व्हिस इंजिनिअरला बोलावले असेल, याची गणती नाही. उत्तरांग (‘तर’नंतरचा भाग) स्वीकारून पूर्वांग (‘तर’आधीचा भाग) सिद्ध झाल्याचे मानण्याचा हा दोष आहे. चुकीचा आकडा शिळ्या द्रावणामुळेही येतो, आणि बहुतेक वेळा तो त्यामुळेच आलेला असे.

यानंतर मी शाखांकडे वळले. जवळजवळ प्रत्येक प्रास्ताविक पुस्तकात तत्त्वज्ञानाच्या शाखा झाडाच्या फांद्यांसारख्या काढून दाखवलेल्या असतात: सत्ताशास्त्र (जे आहे त्याचे स्वरूप काय, याचा विचार), ज्ञानमीमांसा, नीतिशास्त्र, तर्कशास्त्र, सौंदर्यशास्त्र. मला या चित्राचा उपयोगापेक्षा त्रासच अधिक झाला, कारण ते पाहून वाटते की प्रत्येक फांदीला वेगळी फळे लागतात, आणि प्रत्यक्षात मात्र एकाच वस्तूविषयी निरनिराळे प्रश्न विचारले जात असतात. त्यात परिभाषेचा घोळ वेगळाच. ज्याला एक लेखक सत्ताशास्त्र म्हणतो त्याला दुसरा सद्वस्तुमीमांसा आणि तिसरा अतिभौतिकी म्हणतो. अखेर १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा मी आधार घेतला आणि शनिवारी तिथे बसून संज्ञांची माझी स्वतःची यादी तयार केली. 'अतिभौतिकी' या शब्दामागील मूळ ग्रीक नावाचा अर्थ केवळ 'भौतिकीनंतरचे' एवढाच असून अ‍ॅरिस्टॉटलच्या लेखनाची मांडणी करताना ते प्रकरण भौतिकीनंतर ठेवले गेले म्हणून ते नाव पडले, असे परंपरेने सांगतात. इतक्या भारदस्त विषयाचे नाव कपाटातील जागेवरून पडावे, हे वाचून माझी भीती बरीच कमी झाली.

सत्ताशास्त्र मला पुस्तकापेक्षा आमच्या इमारतीने अधिक शिकवले. नौपाड्यात सध्या पुनर्विकासाचे वारे आहे आणि आमची जुनी तीनमजली इमारतही त्याच मार्गावर आहे. सर्वसाधारण सभेत एका काकांनी तळमळीने विचारले की, जागा तीच, सोसायटीचा नोंदणी क्रमांक तोच, माणसेही तीच, मग इमारत बदलली असे का म्हणायचे? सभा हसली, पण प्लूटार्कने सांगितलेल्या थिसिअसच्या जहाजाचा प्रश्न याहून वेगळा नाही. जहाजाच्या फळ्या कुजतील तशा एकेक बदलत गेल्या आणि शेवटी मूळची एकही फळी उरली नाही, तर ते जहाज तेच राहिले काय? पुढे इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने त्यात भर घातली की, काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? आमच्या इमारतीची सागवानी दारे आणि खिडक्या जुन्या बाजारात जातील आणि कोणाच्या तरी बंगल्याला लागतील, तेव्हा हा दुसरा प्रश्नही उभा राहील. मिलिंद राजा आणि बौद्ध भिक्षू नागसेन यांच्या संवादातील रथाचे उदाहरण मला यानंतर वाचायला मिळाले. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे, आणि या सगळ्यांखेरीज वेगळा असा रथही नाही. 'रथ' हे या भागांच्या आधाराने चालणारे व्यवहारातील नाव आहे. काकांना मी हे सांगितले. त्यांनी विचारले, "म्हणजे एरिया किती मिळणार?"

माझा खरा मुक्काम पडला तो ज्ञानमीमांसेत. प्रयोगशाळेतील माणसाला 'हे तुला कशावरून कळले?' या प्रश्नाचे वेड असतेच. पण त्या प्रश्नावर आपल्याकडे इतका काथ्याकूट झाला आहे, याची मला कल्पना नव्हती. ज्ञानाची साधने, म्हणजे प्रमाणे, किती मानायची यावरून दर्शनांचे गट पडतात. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो. बौद्ध प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन. सांख्य त्यात शब्दप्रमाण, म्हणजे विश्वसनीय वचन, मिळवून तीन. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, उपमान (साम्यावरून होणारे ज्ञान) धरून चार. आणि भाट्ट मीमांसक, म्हणजे कुमारिल भट्टाचे अनुयायी, अर्थापत्ती (एरवी जुळत नाही म्हणून मानावी लागणारी गोष्ट) व अनुपलब्धी (न आढळण्यावरून नसणे कळणे) मिळवून सहा. चार्वाकाची बाजू मी आधी हसण्यावारी नेली होती, पण 'जिथे धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे दोहोंचा कायमचा संबंध, तुम्ही सगळीकडचे आणि सगळ्या काळातले धूर न पाहता कशी ठरवता, हा त्याचा आक्षेप काही कच्चा नाही, आणि दहा पिंपांतून नमुने काढून शंभर पिंपांवर शिक्का मारणाऱ्या माझ्यासारखीने तर तो हसण्यावारी नेऊच नये.

नैयायिकांचे अनुमान पाच अवयवांचे असते: पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा, कारण तिथे धूर आहे, हा हेतू, जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, हे उदाहरण, हा पर्वतही तसाच धूरयुक्त आहे, हा उपनय, म्हणून त्यावर अग्नी आहे, हे निगमन. उलट बाजूचे उदाहरण म्हणून ते जलाशय देतात, कारण तिथे अग्नीही नाही आणि धूरही नाही. (थंडीत पहाटे तलावपाळीवर फिरायला जाणाऱ्यांना हे उदाहरण जरा जपून वापरावे लागेल, तिथल्या मासुंदा तलावावर तेव्हा जे तरंगत असते ते लांबून धुरासारखेच दिसते.) ही अडचण जुन्यांच्याही लक्षात आली होती. समोर दिसते ते धूर आहे की बाष्प, याचीच शंका असेल तर त्यावरून अग्नी सिद्ध होत नाही, असे बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने हेत्वाभासाच्या, म्हणजे फसव्या हेतूंच्या, विवेचनात स्पष्ट म्हटले आहे.

हे सगळे मी ठाणे-वाशी गाडीत, तुर्भे येईपर्यंतच्या वीस-पंचवीस मिनिटांत वाचत असे. जानेवारीतल्या एका सकाळी घणसोली सोडल्यावर खिडकीतून एका कारखान्यावर पांढरा लोट दिसला. तो कारखाना देखभालीसाठी काही दिवस बंद होता, म्हणून मी शेजारी बसलेल्या ओळखीच्या बाईंना म्हटले, "यांचा बॉयलर पेटला वाटतं." त्या तिथेच युटिलिटी विभागात काम करीत होत्या. त्या म्हणाल्या, "बॉयलर कालपासून सुरू आहे, पण तुम्ही बघताय तो कूलिंग टॉवर आहे, मॅडम. आमचा बॉयलर गॅसवर चालतो, त्याचा धूर इथून दिसत नाही." म्हणजे माझा समज खरा होता, त्याला मला पुरेसे वाटणारे कारणही होते, आणि तरीही बॉयलर सुरू असल्याचे मला माहीत होते असे म्हणता येत नव्हते.

त्याच आठवड्यात अभ्यासपुस्तिकेत गेटियरचे प्रकरण आले, हा निव्वळ योगायोग. खरा समज आणि त्याला आधार, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की ज्ञान होते, ही कल्पना प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात तपासून पाहिलेली आहे, आणि सॉक्रेटिस तिथेही तिच्यावर समाधानी होत नाही. एडमंड गेटियरने १९६३ साली अवघ्या तीन पानांच्या लेखात असे प्रसंग रचून दाखवले की, समज खरा आहे, आधारही आहे, पण दोहोंची गाठ नशिबाने पडलेली आहे. याहून मला थक्क केले ते आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तराच्या उदाहरणाने. मांस भाजण्यासाठी नुकताच अग्नी पेटवला आहे, त्याचा धूर अजून निघालेला नाही, पण मांसावर माश्यांचा थवा जमला आहे. लांबून पाहणारा त्या थव्याला धूर समजतो आणि तिथे अग्नी आहे असे अनुमान करतो. अग्नी तर आहेच. माझा कूलिंग टॉवर हा त्याच माश्यांचा थवा होता. परीक्षेत मी हा प्रसंग लिहिला, आणि या वेळी बॉयलरवाल्या बाईंच्या उत्तराआधी माझी बाजू जितकी बळकट मांडता येईल तितकी मांडली.

सौंदर्यशास्त्र मी परीक्षेपुरते केले, यापलीकडे त्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. नीतिशास्त्र मात्र टाळता येणार नव्हते, कारण त्यातच मी नापास झाले होते आणि त्यातच माझे एक जुने दुखणे होते. पूर्वीच्या एका नोकरीत, अशुद्धतेची मर्यादा ०.५० टक्के असताना एका बॅचचा आकडा ०.५२ आला, दुसऱ्यांदा तपासल्यावर ०.४९ आला, आणि वरिष्ठांच्या सांगण्यावरून मी फक्त दुसरा आकडा लिहून सही केली. कृतीचे मोल तिच्यामुळे होणाऱ्या एकूण सुखदुःखावरून ठरवणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिलच्या उपयुक्ततावादाने विचारले तर या सहीने कोणाचे काही बिघडले असे दाखवता येत नाही, उलट माल वेळेवर गेला. जर्मन तत्त्वज्ञ कांट १७८५च्या ग्रंथात विचारतो की, तुझ्या कृतीमागील नियम सर्वांनी पाळावा असे तुला इच्छिता येईल काय; आणि प्रत्येक रसायनतज्ज्ञाने सोयीचा आकडा लिहायचे ठरवले तर प्रमाणपत्र या वस्तूलाच अर्थ उरणार नाही, म्हणजे माझी सही ज्या विश्वासावर चालली तोच ती खाऊन टाकत होती. अ‍ॅरिस्टॉटलचा प्रश्न आणखी अवघड आहे: अशा सह्या करीत गेल्यावर तू कशी माणूस होशील? प्रयोगशाळेपुरती मला कांटची कसोटी सर्वांत नेमकी वाटते. परंतु मित्राच्या जिवावर उठलेल्या माणसाने तो कुठे आहे असे विचारले तरी खोटे बोलू नये, असे कांटनेच १७९७ साली लिहिले, आणि तिथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचा इशारा मी उत्तराच्या सुरुवातीलाच लिहिला होता: नुसत्या 'आहे' वरून 'असावे' निघत नाही. ०.५२ हे 'आहे' होते. त्यापुढे काय करावे, हे त्या आकड्यात लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या वेळी त्या पेपरात ५८ गुण मिळाले. बाकीचे पेपर सुटत गेले आणि आता एकच उरला आहे.

दरम्यान सासूबाईंच्या अटीप्रमाणे ज्ञानेश्वरी पुरी झाली आणि आम्ही दोघींनी अमृतानुभव वाचायला घेतला. त्याचे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे आणि त्यात ज्ञानदेव अज्ञान मानणाऱ्यांची बाजू घेऊन ती एकेका अंगाने तपासत जातात, हे लक्षात आल्यापासून मी प्रत्येक ओवीला पेन्सिल घेऊन बसते. परवा मी तिसऱ्यांदा विचारले की, ही ओवी पूर्वपक्षाची आहे की उत्तराची, तेव्हा सासूबाईंनी चष्मा काढून पोथीवर ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, त्याला आधी बोलू तरी दे."